अंगणातल्या खजुराचे वाटेकरी

ती पहिल्यांदा आमच्या अंगणात शिरली तेव्हा मी केस धुऊन, डोक्याला पंचा गुंडाळून पायरीवर बसले होते. दार वाजलं नाही, हाक नाही, साधं खाकरणंही नाही. काळ्या कपड्यांतली, नाकावर ताठ मुखवटा लावलेली एक म्हातारी सरळ आत आली, मला सलाम म्हणाली आणि कोपऱ्यातल्या खजुराच्या झाडापाशी गेली. बुंध्यावर हात फिरवला, मान वर करून बराच वेळ बघितलं, एक वाळकी झावळी ओढून काढली आणि ती फरफटवत निघून गेली. आमचं सामान अजून खोक्यांत होतं.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला आतून कडी लावत जा. दुसऱ्या दिवशी कडी लावली. म्हातारीने दगडाने दार बडवलं, मी उघडल्यावर मलाच रागावली आणि झाडापाशी गेली. तिसऱ्या दिवसापासून मी कडी लावणं सोडलं. पंचा गुंडाळून अंगणात बसणंही सोडलं.

ही नव्वदीच्या दशकातली गोष्ट. ओमानच्या अगदी उत्तर टोकाला, मुसंदमला, डोंगर सरळ समुद्रात उतरतात. त्यातल्या एका खाचेत हे गाव होतं. मागे उभा कडा, पुढे पाणी, मध्ये मूठभर घरं, एक मशीद, एक दुकान. रस्ता नव्हता. खसब हे जवळचं मोठं गाव, तिथून लाँचने यायचं, आणि लाँच समुद्राच्या मर्जीने चालायची. नवरा इलेक्ट्रिकल इंजिनियर. गावातलं डिझेलवर चालणारं वीजघर आणि खाऱ्याचं गोडं पाणी करणारा छोटा प्लँट त्याच्या ताब्यात. आम्ही मूळ नांदेडचे. निघताना नवऱ्याच्या बहिणी मला म्हणाल्या होत्या, तुझं नशीब बाई, समुद्रकिनारी घर. समुद्रकिनारी घर म्हणजे काय असतं हे ज्यांना बघायचं असेल त्यांनी तिथे जाऊन एक उन्हाळा काढावा.

भाजी लाँचने यायची. कोथिंबीर खसबहून निघताना हिरवी असायची आणि पोचेपर्यंत तिचा लगदा व्हायचा. दूध पावडरीचं. बकऱ्या गावभर मोकाट, त्यांना गवत मिळायचं नाही म्हणून त्या पुठ्ठे खायच्या, आणि पुठ्ठे संपले की दोरीवरचे कपडे. माझ्या एका सुती साडीचा पदर त्यांनी खाल्ला. तक्रार केली तर बकरीचा मालक हसून इन्शाल्ला म्हणाला. कशाला इन्शाल्ला, ते मला अजून कळलेलं नाही.

स्वयंपाकघर अंगणाच्या दुसऱ्या कडेला होतं, पत्र्याचं. मे महिन्यात आत गेलं की डोक्यावर तवा ठेवल्यासारखं व्हायचं. मी गॅस उचलून व्हरांड्यात आणला आणि तिथेच स्वयंपाक करू लागले. भांडी अंगणात घासायची. मोरी तुंबलेली, म्हणून भांड्यांचं, तांदूळ धुतलेलं, कपडे पिळलेलं सगळं पाणी मी खजुराच्या बुंध्यात ओतायची. झाडाचा पुळका म्हणून नव्हे. दुसरीकडे ओतलं की चिखल व्हायचा आणि माश्या यायच्या.

म्हातारीचं कोडं लाँचच्या तांडेलाने सोडवलं. तो रत्नागिरीकडचा, उभा जन्म आखातात गेलेला, आणि मराठी ऐकायला मिळणारं गावातलं आमच्याखेरीज ते एकच तोंड.

"वैनी, हितं घर एकाचा नि झाड दुसऱ्याचा असता," तो म्हणाला. "तुमची कंपनी भाडा देते तो घराचा. झाडाचा नाय. झाड म्हातारीचा. ती येनार."

म्हणजे भिंती अर्बाबाच्या, आमच्या घरमालकाच्या, अंगणही त्याचंच, पण अंगणातलं झाड म्हातारीच्या वडिलांनी लावलेलं. त्यातला एक हिस्सा तिचा आणि बाकी तिच्या वारलेल्या भावाचा, म्हणजे आता त्याच्या मुलामुलींचा. त्या गावात माती इतकी थोडी की झाडं बोटांवर मोजावीत, आणि प्रत्येक झाडाला वाटेकरी. आमच्याकडे बांधावरच्या आंब्यावरून डोकी फुटतात. इथे डोकी फुटत नव्हती, फक्त वाटेकरी तुमच्या घरात येऊन उभे राहायचे. मला डोकी फुटलेली परवडली असती.

तरी हळूहळू सवय झाली. ती रोज यायची, मीही मोडक्यातोडक्या अरबीत बोलू लागले, ती तिच्या मुंबईच्या हिंदीत, जी तिने लहानपणी खलाशांकडून उचलली होती. माझी मुलगी तर तिच्याच अंगाखांद्यावर वाढली. अडीच वर्षांची आली होती, साडेपाचाची होत आली, आणि तोवर गावातल्या पोरांसारखी अरबी बोलू लागली होती. मराठीत मात्र "आई, मला पाणी पाहिजे" एवढं सांगायला ती दोनदा अडखळायची. अक्षरओळख मीच करून द्यायची, पण वर्गातल्या बाकावर दुसऱ्या मुलांशेजारी बसणं मी कुठून आणणार? म्हणून मला एकच गोष्ट हवी होती. येत्या एप्रिलला मस्कतच्या भारतीय शाळेत ती पहिलीत बसली पाहिजे. कंपनीची मस्कतच्या मदिनत सुलतान काबूस वस्तीत घरं होती, शाळा तिथून जवळ, जागा धरून ठेवली होती. मी रात्रंदिवस त्या एका एप्रिलकडे डोळे लावून बसले होते.

कंपनीनेही अट घातली होती ती साधी दिसणारी. गावासाठी नवी मोठी पाण्याची टाकी उभी करायची. टाकी उभी राहून तिच्यात पाणी पडलं की आमची बदली. टाकीला सपाट जागा हवी, प्लँटला लागून हवी. अशी जागा साऱ्या गावात एकच, आमचं अंगण. अर्बाबाने ताबडतोब होकार दिला. मस्कतला बसून कुणीतरी नकाशा काढला, आणि त्या नकाशात खजुराच्या जागी एक बारीकसा गोल काढून त्यावर फुली मारलेली होती.

ती फुली आमच्या मानगुटीवर बसली.

नवऱ्याने आधी भावाच्या दोन मुलांना विचारलं. दोघेही मासेमारी करणारे, गावातच राहणारे. ते म्हणाले, टाकी गावाचीच आहे, खलास, तोडा. आमच्या बहिणींचंही तेच म्हणणं आहे. नवरा खुशीत घरी आला. मग तो म्हातारीकडे गेला. ती म्हणाली, माझी ना नाही, पाणी सगळ्यांना हवं, पण बहिणींचं तोंड भावांच्या तोंडात नसतं. त्यांना जाऊन विचार.

बहिणी दोन. एक पलीकडच्या खाचेतल्या गावात दिलेली, दुसरी थेट खाबुराला, म्हणजे विमानाने मस्कत गाठायचं आणि तिथून पुन्हा किनाऱ्याने मोटारीने वर यायचं. नवरा म्हणाला चिठ्ठी पाठवू. म्हातारी म्हणाली चिठ्ठी कुणीही लिहील. नवरा म्हणाला फोनवर विचारू. ती म्हणाली फोनवर माणूस दिसत नाही. बरं, मी जातो, नवरा म्हणाला. म्हातारीने त्याच्याकडे नुसतं बघितलं. बहिणींचे नवरे कामावर गेलेले असताना बायकांच्या खोलीत परका पुरुष बसणार होता का?

तेव्हा दोघांनीही माझ्याकडे बघितलं.

अशी मी नवऱ्याची बायको म्हणून त्या गावात आले आणि तलाठी झाले. मला लाँच लागते. हे सगळ्यांना माहीत होतं. तरी डिसेंबरातल्या एका वाऱ्याच्या दिवशी मी मुलीला म्हातारीकडे ठेवून, हातात प्लास्टिकची पिशवी घेऊन लाँचच्या फळीवर बसले. डोंगराचं टोक वळून बाहेर आलो आणि लाटा आडव्या आल्या. मी सकाळचे पोहे समुद्राला दिले, मग आदल्या रात्रीचं जेवण दिलं. तांडेल सुकाणूवरून म्हणाला, "वैनी, नजर डोंगरावं ठेवा, पान्यावं नको." मी दोन्हीकडे ठेवून बघितली. काही फरक पडला नाही.

धाकटी बहीण पलीकडच्या गावात होती. तिने मला हात धरून वर घेतलं, पाय धुवायला पाणी दिलं, काहवा दिला, हलवा दिला, भाताबरोबर अख्खा मासा वाढला. मी दर वेळी झाडाचा विषय काढायची आणि ती दर वेळी आणखी काहीतरी वाढायची. जेवण झाल्यावर बकऱ्या दाखवल्या. एकेकीचा स्वभाव सांगितला. शेवटी तांडेल किनाऱ्यावरून यल्ला यल्ला ओरडायला लागला तेव्हा मी सगळी लाज सोडून विचारलं, झाड तोडायला तुझी परवानगी आहे का. ती शांतपणे म्हणाली, आत्या काय म्हणते ते विचारून सांगते.

आत्यानेच मला पाठवलं होतं. हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, हो, म्हणूनच तिला विचारायला हवं.

परतताना मी तांडेलाला, नवऱ्याला, कंपनीला आणि सगळ्या खजुरांना मनातल्या मनात शिव्या घातल्या. घरी आल्यावर उघड घातल्या. नवरा म्हणाला, थोडं गोड बोलून बघायचं होतंस. मी त्याला म्हटलं, मासे खाऊन, बकऱ्यांची नावं पाठ करून, उलट्या करत आले, याच्यापेक्षा गोड मला येत नाही. चार दिवस मी त्याच्याशी कामापुरतंच बोलले.

जानेवारीत पुन्हा गेले. या वेळी ती मासे साफ करत होती, मला बघून हसली, आणि मी बसायच्या आत म्हणाली, माझी परवानगी आहे. मला संताप आवरेना. हेच पहिल्यांदा सांगायला काय झालं होतं, असं मी विचारलंच. ती म्हणाली, पहिल्याच खेपेला हो म्हटलं असतं तर तू पुन्हा आली असतीस का? या गावात बाहेरचं कोण येतं? मग मी बसले, आणि तिच्याबरोबर मासेही साफ केले. सुरी बोथट होती.

आता खाबुरा राहिलं. हवामान, विमानाची तिकिटं, कंपनीची गाडी, यांत फेब्रुवारी निघून चालला. शाळेतून निरोप आला होता की एप्रिलच्या सुरुवातीला मूल हजर नसेल तर जागा दुसऱ्याला जाईल. टाकीचं सामान आणणारी मोठी होडी, म्हणजे पडाव, मार्चमध्ये यायचा होता, आणि त्यानंतर वारा फिरला की तो पुढे कधी येईल याचा नेम नव्हता. नवरा कॅलेंडरकडे बघायचा आणि मी नवऱ्याकडे. सगळं एका बाईच्या तोंडातल्या शब्दावर अडलं होतं, आणि ती बाई त्या झाडापासून इतकी लांब राहत होती की तिला ते आठवत तरी होतं की नाही, कोण जाणे.

खसबचं छोटं विमान मला लाँचपेक्षा बरं वाटलं, एवढंच त्याचं कौतुक. मस्कतहून कंपनीच्या पिकअपमधून खाबुराला पोचले तेव्हा दुपार झाली होती. थोरल्या बहिणीच्या नवऱ्याची बाग होती. खजुरांच्या ओळीच्या ओळी, मध्ये लिंबं, कडेला गुरांचं गवत. मला बघून हसू आलं. इतकी झाडं जिच्या दाराशी आहेत तिला आमच्या अंगणातल्या त्या एका किरट्या झाडाचं काय?

तिने झाडाचं नाव ऐकलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या आईची सगळी बाळंतपणं त्याच झाडाचे खजूर खाऊन निघाली, ती म्हणाली. मग डोळे पुसून तिने मला विचारलं, तुला भाऊ आहेत का.

एक आहे, मी म्हटलं.

वडिलांचं घर आहे?

होतं. म्हणजे आहे. वडिलांनी वीज बोर्डाच्या नोकरीत आयुष्य घालवून कॉलनीत प्लॉट घेतला होता, त्यावर दोन खोल्या बांधल्या होत्या. वडील गेल्यावरच्या सुट्टीत मी नांदेडला होते. एक दिवस भावाने रिक्षा बोलावली आणि म्हणाला, ताई, चल, तहसीलला एक सही करून येऊ. हक्कसोड पत्र. मी रिक्षात बसले. कारकुनाने बोट ठेवलं तिथे मी सही केली. वहिनीने घरी आल्यावर साडी नेसवली, चांगली होती, मोरपंखी. आमच्याकडे सगळ्याच बहिणी अशा सह्या करतात. भावाशी संबंध राहावेत, माहेर राहावं, म्हणून. मी शिकलेली, समतेची भाषणं ऐकत वाढलेली, विहारात जाणारी, आणि मी ती सही रिक्षा खाली थांबलेली असताना केली. रिक्षावाल्याला वेटिंग लागू नये म्हणून घाईने केली.

हे सगळं मी तिला माझ्या अरबीत कितपत सांगू शकले कोण जाणे. तिने फक्त विचारलं, भावाने तुला विचारायला कुणाला पाठवलं होतं?

कुणाला नाही, मी म्हटलं.

तिने माझ्या पेल्यात पुन्हा काहवा ओतला. मग म्हणाली, आत्याने तुला माझ्याकडे पाठवलं. मी हो म्हणते. तिला सांग, विचारलंस म्हणून हो म्हणते. वाळलेल्या लिंबांची एक पिशवी तिने माझ्या हातात दिली आणि मला गाडीपर्यंत सोडायला आली. मी गाडीत बसून रडले. भावाचा राग आला म्हणून की स्वतःचा, तेव्हा कळलं नाही. आज सांगते, भावाचाच आला होता.

मी परत आले तोवर पडाव येऊन किनाऱ्याला लागला होता. टाकीचे पत्रे, बोल्ट, सिमेंट सगळं उतरवून ठेवलेलं. कंपनीची माणसं आली होती, त्यांच्याकडे झाड कापायची करवत होती. नवरा माझ्या हातातली बॅग घेण्याआधी विचारता झाला, मिळाली ना परवानगी? मी मान हलवली. त्याने आनंदाने मला अंगणात सगळ्यांसमोर जवळजवळ मिठीच मारली, जे त्याने लग्नाच्या दिवशीही केलं नव्हतं.

म्हातारीला बोलावलं. ती आली, झाडाखाली बसली. भावाच्या मुलांनी हो म्हटलंय, धाकटीने म्हटलंय, थोरलीने म्हटलंय, असं नवऱ्याने सांगितलं. तिने थोरलीचा निरोप माझ्याकडून पुन्हा ऐकला, शब्द न शब्द. मग माझ्याकडे हनुवटीने खूण करून नवऱ्याला विचारलं, "आणि हिचं काय?"

"ही माझी बायको," नवरा म्हणाला, जणू म्हातारीला ते माहीत नव्हतं.

"या झाडाला पाणी कोण घालतं?"

नवरा माझ्याकडे बघू लागला. त्याला खरंच माहीत नव्हतं. मी म्हटलं, अहो, ते भांड्यांचं पाणी, खरकटं, मोरी तुंबलीये म्हणून ओतते. म्हातारीने हात झटकला. झाडाला खरकटं कळत नाही, ती म्हणाली. आम्ही या घरात आल्यापासून झाडाने दर उन्हाळ्यात जास्त घोस धरले, आणि ते ती रोज येऊन बघत होती. त्यांच्याकडे पाणी घालणाऱ्याचाही झाडात वाटा असतो. म्हणून तर पहिल्या वर्षापासून ती खजूर उतरवल्यावर एक घोस आमच्या व्हरांड्यात ठेवायची. मला वाटायचं, शेजारधर्म.

"तू खाबुरापर्यंत माणूस पाठवलंस," ती नवऱ्याला म्हणाली. "घरात विचारलंस का?"

नवरा हसला. मग मराठीत मला म्हणाला, "अगं, हो म्हण आणि मोकळी हो. माणसं खोळंबलीत."

हो माझ्या ओठावरच होतं. एप्रिल समोर होता. मला त्या झाडाचं काडीइतकंही प्रेम नव्हतं, ते पडलं असतं तर मी मुलीचं दप्तर भरायला घेतलं असतं. पण म्हातारी माझ्याकडे बघत होती, घाई न करता, आणि कंपनीची माणसंही करवत खाली ठेवून थांबली होती. मला पहिल्यांदाच वेळ मिळाला. मी अंगणाकडे नीट बघितलं. इतके दिवस मी ते फक्त झाडलं होतं.

"झाड कशाला तोडता?" मी म्हटलं. "ते स्वयंपाकघर तोडा."

नवरा म्हणाला, काहीतरीच काय. मग तू स्वयंपाक कुठे करणार?

मी व्हरांड्याकडे बोट दाखवलं. जिथे मी आल्यापासून स्वयंपाक करत होते तिथे. जिथे तो तीन वर्षं पाटावर बसून, मी तव्यावरची पोळी ताटात टाकेपर्यंत वाट बघत होता तिथे. पत्र्याच्या त्या खोलीत रिकामे डबे आणि सुकट यांखेरीज काही नव्हतं. अर्बाब तिथेच उभा होता, तो म्हणाला पत्रे मला द्या, बाकी काय करायचं ते करा. नवऱ्याने टेप काढला आणि मापं घेतली. पुन्हा घेतली. टाकी बसत होती. प्लँटही तिकडच्याच भिंतीला लागून होता, पाइप उलट कमी लागणार होता. मस्कतच्या नकाशात तिथे 'किचन' असं लिहिलं होतं, आणि 'किचन' असलेल्या जागेला कुणी हात लावत नाही, कारण ते बायकांचं असतं, आणि बायकांना कुणी विचारत नाही.

दुपारपर्यंत पत्रे खाली आले. म्हातारीने सुकट बकऱ्यांपासून वाचवून आपल्या घरी नेली. टाकी वेळेत उभी राहिली, तिच्यात पाणी पडलं, मुलगी एप्रिलमध्ये शाळेच्या बाकावर बसली. ते सगळं झालं.

पण त्या दुपारी माणसं जेवायला गेल्यावर नवरा टेप गुंडाळत पायरीवर बसला आणि चिडून म्हणाला, "चार महिने आपण लोकांच्या दारात फिरलो. हे तू आधी का नाही सांगितलंस?"

"आधी मला कुणी विचारलं?" मी म्हटलं.

त्याच्यावर मात केली म्हणून मला बरं वाटायला हवं होतं. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, तसं झालं होतं, फक्त कळसाही मीच होते आणि वळसाही मीच घालून आले होते, उलट्या करत. मी दोन बायकांसमोर बसून विचारलं होतं की तुझं काय म्हणणं आहे, आणि त्यांचं उत्तर येईपर्यंत थांबले होते. त्या चार महिन्यांत आपलंही काही म्हणणं असेल, हे एकदाही माझ्या मनात आलं नव्हतं. नवऱ्याने विचारलं नाही, हे खरंच आहे. पण मी तरी त्याच्या विचारण्याची वाट कुठे बघत होते? मला तेव्हा हसू आलं नाही. रागाने रडू आलं, आणि नवऱ्याला वाटलं मी स्वयंपाकघरासाठी रडतेय.